लेथच्या आधी धार

तासगावहून एका ताईंनी विचारलं आहे: घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची खोली आहे, ७५ हजार रुपये बाजूला काढले आहेत, शाळेची नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी लाकूडकाम करायचं आहे, त्यातही लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावर, वाडगे, भोवरे, लाटणी कातायची फार इच्छा आहे. टेबल सॉ (टेबलातली गोल करवत), बँड सॉ (पट्ट्याची करवत), प्लेनर (रंधा मशीन) आणि लेथ अशी चार मशिनांची यादी केली आहे. त्यातलं आधी काय घ्यावं, लाकूड कुठलं वापरावं? आणि सगळ्यात शेवटी, सहज आठवलं तसं लिहिलं आहे की आजोबा सुतार होते, त्यांची हत्यारांची पेटी माळ्यावर पडून आहे, तिचा काही उपयोग होईल का.

ताई, मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळी उत्तरं त्या पेटीतूनच निघतात. पेटी खाली काढा. तिच्यात बहुतेक एक वाकस (लाकूड तासायची, कुऱ्हाडीसारखी) असेल, दोन-तीन रुंदीच्या पटाश्या, लाकडी रंधा, गिरमिट, कानशी, गुण्या, कदाचित जुना सामता (दोरीने फिरवून भोक पाडायचा) ही. गंज चढलेला असणारच. डिझेलचं फडकं फिरवून रात्रभर ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा. मग त्यातली एक इंची पटाशी घ्या आणि फक्त तिला धार लावायला शिका. हातात धरलेला वहीचा कागद सरळ कापला गेला पाहिजे. आंब्याच्या फळीचं टोक, जिथे लाकडाच्या रेषा तुटतात ती बाजू, पटाशीने तासल्यावर काचेसारखी दिसली पाहिजे, पांढुरकी आणि पिंजलेली नाही. हे जमेपर्यंत लेथ घेऊ नका. महिना लागला तर लागू द्या.

हे मी उगाच लांबण लावायला सांगत नाही. हातरंधा बोथट असला तर फार तर दंड दुखतात. लेथवर लाकूड हत्याराच्या अंगावर येतं. दहा इंची वाडग्याचा घेर ८० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या तर एका मिनिटात तुमच्या धारेसमोरून सहाशे मीटरहून जास्त लाकूड जातं. धार उतरली की माणूस नकळत दाबायला लागतो, आणि दाबलं की हत्यार लाकडात घुसतं, हिसका बसतो. नव्या माणसाला लेथची जी भीती बसते, ती त्या हिसक्याची. मी आजवर ज्यांना शिकवलं त्यांच्यातल्या ज्यांनी लेथ विकून टाकलं, त्यातल्या बहुतेकांचं लेथ चांगलं होतं. धार लावायची सोय मात्र नव्हती.

आपल्याकडे याचं फार सुंदर उदाहरण आहे. मिरजेत सतार-तंबोरे बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे तलवारी-भाल्यांना पाणी आणि धार देणाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम सरलं तेव्हा ती वाद्यांकडे वळली. फरीदसाहेब सतारमेकरांचं नाव त्यात आधी घेतलं जातं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळा, तून लाकडाची दांडी, तबली (भोपळ्यावरची लाकडी पाटी), हे सगळं ते नंतर शिकले. पोलाद आणि धार त्यांच्या हातात आधीपासून होती. सुट्टीच्या दिवशी मिरजेला जा, सतारमेकर गल्लीत थोडा वेळ उभ्या राहा. कारागीर पटाशी किती वेळा सहाणेवर फिरवतो ते मोजा. मोजून तुम्ही थकाल.

आता तुमच्या यादीकडे येतो. टेबल सॉ आत्ता काढून टाका. दहा बाय बारात त्याच्या पुढे-मागे फळी धरायला जागा राहत नाही, आणि एकट्याने शिकताना बोटं जाण्याची सगळ्यात जास्त शक्यता त्याच मशीनवर असते. प्लायवूड कापून हवं असेल तर दुकानदार कापून देतो. प्लेनरची गरज नाही. आजोबांचा रंधा आहे. बँड सॉ उपयोगी आहे, पण दुसऱ्या वर्षी. तोवर ओंडके वखारीतून चिरून आणा, आणि चौकोनी ठोकळ्याचे कोपरे वाकसाने उडवा. वाकस या कामाला इतकी छान चालते की माझ्याकडे बँड सॉ असूनही लहान कामाला मी तीच उचलतो.

मग राहिलं लेथ. ७५ हजारांतले निम्म्याहून जास्त पैसे लेथवर घालू नका. उरलेल्यात धार लावायचा ग्राइंडर, चक (लेथवर लाकूड धरणारा जबडा), हत्यारं, तोंडावरची ढाल आणि मास्क बसले पाहिजेत. लेथ महाग आणि बाकी सगळं काटकसरीत, असं झालं की ते लेथ नुसतं जागा अडवून बसतं.

खरेदीची सुरुवात ग्राइंडरपासून करा. साधा बेंच ग्राइंडर, सहा किंवा आठ इंची चाकाचा. त्याच्याबरोबर येणारं करडं चाक लोखंडाच्या कामाचं असतं. एका बाजूचं काढून तिथे पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं ६० किंवा ८० ग्रिटचं चाक बसवा. बसवण्याआधी चाक बोटात अडकवून लाकडी मुठीने हलकेच ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला तर आत तडा आहे, ते चाक परत द्या, कितीही नवं असलं तरी. चाक आणि टेकू यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट ठेवू नका, नाहीतर हत्यार आत ओढलं जातं.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवा. आजोबांच्या पटाश्या कार्बन स्टीलच्या असणार. ग्राइंडरवर त्यांची कड निळी पडली की त्या जागेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. तो निळा भाग पूर्ण झिजवून काढेपर्यंत धार टिकणार नाही. म्हणून त्या हलक्या हाताने घासायच्या आणि सारख्या पाण्यात बुडवायच्या. शक्यतो ग्राइंडर टाळून सहाणेवरच करा. लेथची आजची हत्यारं एचएसएसची (हाय स्पीड स्टीलची) असतात. ती थोडी निळी झाली तरी बिघडत नाही, पण तापलेली एकदम पाण्यात बुडवायची नाहीत, बारीक चिरा पडतात. दोन्ही धातूंचा स्वभाव उलटा आहे आणि एकाच ग्राइंडरवर दोन्ही येणार आहेत, त्यामुळे घोळ होतो. मी ग्राइंडरच्या वर भिंतीवरच लिहून ठेवलं होतं: जुनं बुडवा, नवं बुडवू नका.

कोनांचं फार मनावर घेऊ नका. गाउज म्हणजे पन्हळीसारखी पटाशी, स्क्रेपर म्हणजे खरवडायचं हत्यार, स्क्यू म्हणजे तिरक्या धारेची पटाशी. रफिंग गाउज ४५ अंश, स्पिंडल गाउज ४०, बोल (वाडग्याचा) गाउज ५५, स्क्रेपर ७०-७५, आणि स्क्यू दोन्ही बाजू मिळून ३०-३५, एवढं धरून चाला. दोन अंश इकडे-तिकडे झाल्याने काही अडत नाही. दर वेळी तोच कोन आला पाहिजे, एवढंच महत्त्वाचं. त्यासाठी हत्याराच्या उतारावर मार्करने काळा रंग फासा, चाक हाताने एकदा फिरवा आणि रंग कुठे पुसला गेला ते बघा. फक्त टोकाला पुसला तर मागची बाजू खाली करा, फक्त टाचेला पुसला तर वर घ्या. सगळीकडे सारखा पुसला जाईल तेव्हाच मशीन चालू करा. हत्यार धरायचा जिग पहिल्या दिवसापासून वापरा. हाताने धार लावणं ही चांगली कला आहे, पण ती शिकता शिकता अर्धं हत्यार चाकावर संपतं.

हत्यारं किती? आठ नगांचा सेट घेऊ नका, त्यातली निम्मी तुम्ही वर्षभर हातात धरणार नाही. पाऊण इंची रफिंग गाउज, तीन-अष्टमांश इंची स्पिंडल गाउज, पाऊण इंची स्क्यू आणि एक बारीक पार्टिंग टूल (लाकूड कापून वेगळं करायचं), एवढं पहिल्या सहा महिन्यांना पुरतं. वाडग्याकडे वळाल तेव्हा बोल गाउज आणि गोल तोंडाचा स्क्रेपर घ्या. एक गोष्ट मात्र आजच सांगून ठेवतो: रफिंग गाउज वाडग्यावर कधीही लावायचा नाही. तो फक्त लांब, दोन टोकांत धरलेल्या लाकडासाठी. त्याचं मुठीत जाणारं शेपूट चपटं आणि बारीक असतं. वाडग्यावर रेषा प्रत्येक फेरीत दोनदा आडव्या येतात, तो धक्का त्याला सोसत नाही. माझ्या पहिल्याच वर्षी ते मुठीपाशी मोडलं आणि पातं माझ्या कानाजवळून भिंतीवर गेलं. ढाल होती म्हणून आज लिहितो आहे.

बाजारात कार्बाइडच्या बदलत्या पात्यांची हत्यारंही मिळतात. त्यांना धार लावावी लागत नाही, बोथट झालं की पातं फिरवायचं. वाईट नाहीत, कडक चिंच-बाभळीत चांगली चालतात. पण ती बहुतेक खरवडतात, कापत नाहीत, आणि खरवडलेल्या पृष्ठभागावर मग तासभर पॉलिश पेपर घासत बसावं लागतं. सुरुवातीला त्यांची सवय लागली तर कापणं राहूनच जातं. म्हणून मी तुम्हाला ती घ्यायला सांगणार नाही.

लेथचं माप दोन आकड्यांत सांगतात: बेडवर, म्हणजे खालच्या रुळांवर, किती व्यासाचं लाकूड फिरू शकतं, आणि दोन टोकांत किती लांबीचं बसतं. तुमच्या कामाला १० ते १२ इंच व्यास आणि १८ इंच लांबी भरपूर झाली. मोटर अर्धा ते एक हॉर्सपॉवर. वेग कमीत कमी ५०० फेऱ्यांपर्यंत खाली आला पाहिजे. ही अट सोडू नका, कारण ओबडधोबड ठोकळा १००० वर चालू केला तर अख्खं टेबल नाचतं. वेग इलेक्ट्रॉनिक बटणाने बदलणारं मिळालं तर उत्तम. पट्ट्याचं आणि पायऱ्यांच्या पुल्यांचं असलं तरी चालेल, हिशेब सोपा आहे: १४४० फेऱ्यांच्या मोटरवर ३ इंची पुली आणि लेथवर ६ इंची असेल तर ७२० फेऱ्या मिळतात, मोटरवरची २ इंची केली तर ४८०. आणि कुठल्या लाकडाला किती वेग द्यायचा, यासाठी जुना ठोकताळा असा: इंचातला व्यास गुणिले फेऱ्या यांचा गुणाकार ६००० ते ९००० मध्ये राहावा. दहा इंची वाडग्याला ६०० ते ९००. दोन इंची लाटण्याला वेग ३००० च्या वर जातो, पण पहिल्या वर्षी तुम्ही १५०० च्या वर जाऊ नका, काही अडत नाही.

लेथ घेताना स्पिंडलवरचा (लाकूड फिरवणाऱ्या दांड्यावरचा) आटा तपासा, म्हणजे व्यास आणि एका इंचात किती फेरे. एक इंच आठ, पाऊण इंच सोळा, एम ३३, असे प्रकार असतात. चक त्याच आट्याचा हवा. मी हे न विचारता चक घेतला होता. विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं, सगळ्यांना बसतो. बसला नाही, मग ॲडॅप्टर लावला. ॲडॅप्टरने चक दीड इंच पुढे आला आणि तेवढ्याने वाडगा थरथरायला लागला. कितीही धार लावा, पृष्ठभागावर लाटाच उठायच्या. दोन महिने मी हाताला दोष देत होतो. शेवटी कुपवाड एमआयडीसीतल्या एका टर्नरने चकच्या पाठीला योग्य आट्याची बॅकप्लेट करून दिली आणि थरथर त्याच दिवशी गेली. आपल्या भागाचं हे एक भाग्य आहे. फेसप्लेट (लाकूड स्क्रूने बसवायची तबकडी) असो, टूलरेस्टची (हत्यार टेकवायच्या आधाराची) दांडी असो, एखादी पुली असो, नमुना घेऊन गेलात तर धातूचं लेथ चालवणारा कोणीही ती करून देतो, बाहेरून मागवण्याची गरज पडत नाही.

मराठीत 'कातीव' हा शब्द आपण सुबक, रेखीव अशा अर्थाने वापरतो. तो याच कामातून आला आहे. लेथवर लाकूड कातणारे ते कातारी. जुन्या कातारी लेथला मोटर नव्हती; दोरीने लाकूड मागे-पुढे फिरायचं आणि पुढच्या अर्ध्या फेरीतच कापता यायचं. पाळण्याचे गज, देवघराचे खांब, पोळपाट-लाटणी त्यांनी अशीच केली. तंबोऱ्याच्या खुंट्या आजही कातूनच होतात.

खोलीबद्दल. लेथ जड आणि स्थिर हवं. स्पिंडलचा मध्य तुमच्या कोपराच्या उंचीवर येईल इतकं टेबल उंच करा; बहुतेक तयार स्टँड पुरुषांच्या उंचीचे असतात, ते तुम्हाला उंच वाटले तर कापून कमी करा, वाकून किंवा खांदे उचलून काम करू नका. टेबलाच्या खालच्या फळीवर वाळूची दोन पोती ठेवा. दिव्याचंही बघा. जुनी ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि तिच्या उजेडात फिरणारं लाकूड कधीकधी थांबल्यासारखं दिसतं. एलईडीचा चांगला दिवा एका बाजूने तिरका लावा, म्हणजे पृष्ठभागावरची खोट सावलीत दिसते. पत्र्याची खोली म्हणून अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचं गळती-ब्रेकर यात काटकसर नको. लेथला स्वतंत्र १६ अँपिअरचा प्लग द्या. आणि संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल तर त्या वेळी काम करू नका; दमलेली मोटर तापते आणि जळते.

माझं वर्कशॉप सांगलीत नदीकडे आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा मोटरी तर गेल्याच, पण साठवलेलं लाकूड वाचलं असं मला वाटलं होतं. वाळवून लेथवर लावलं आणि धार पहिल्या मिनिटात गेली. परत लावली, परत गेली. प्रत्येक चिरेत गाळ बसला होता. त्यानंतर लाकूड कुठूनही आलं तरी मी आधी साल काढतो, ब्रशने धुतो, मग चिरतो. शेताच्या बांधावरचा ओंडका असेल तर त्यात खिळे आणि कुंपणाची तारही असते. तुम्हीही ही सवय लावून घ्या.

लाकडात मी तुम्हाला आधी बाभूळ देईन. बैलगाडीची चाकं आणि औतं तिची होत, कारण ती चिवट आहे. हिरवी असताना लोण्यासारखी कापते आणि वाळल्यावर लाल-तपकिरी रंग येतो. पेरू हे लहान कामाचं राजा लाकूड: घट्ट, बारीक कणाचं, मुठींना आणि भोवऱ्याला उत्तम. छाटणीच्या वेळी शेजाऱ्यांना सांगून ठेवा. आंबा स्वस्त आणि मोठ्या वाडग्यांना चांगला, पण धार जरा उतरली की पिंजतो. एका अर्थी तो तुमचा परीक्षक आहे. सागवान दिसायला देखणं, पण त्यात वाळूसारखा सिलिका असतो, पात्याची धार भराभर खातं. निलगिरी सुरुवातीला नको, वाळताना तडकते. तुमच्या तासगावात जुन्या द्राक्षबागा काढतात तेव्हा वेलांची खोडं सरपणाला जातात. त्यातली जाड, कमी चिरलेली निवडा. वेडीवाकडी असतात, मोठं काही होत नाही, पण पेन, छोटी खुंटी, चावीची कडी यांना त्या लाकडाची नक्षी मला फार आवडते.

झाड मात्र विचारल्याशिवाय तोडायचं नाही. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, साग ही झाडं १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमाखाली अनुसूचित आहेत. स्वतःच्या शेतातलं असलं तरी परवानगी लागते. छंदाला पडलेली फांदी, वखारीतले तुकडे आणि मोडीतले जुने चौकटीचे खांब भरपूर पुरतात.

ओलं लाकूड आणलं की त्याच दिवशी दोन्ही टोकांना मेण किंवा जुना ऑइलपेंट जाड थर देऊन लावा, कारण पाणी टोकांतून पटकन जातं आणि तडे तिथूनच सुरू होतात. गाभ्यातून उभा चिरून दोन भाग करा. गाभा आत ठेवलात तर तडा ठरलेला. वाडगा ओला असतानाच जाडसर कातून ठेवायचा, कडेची जाडी व्यासाच्या एक-दशांश: दहा इंचीला एक इंच. मग त्याच्याच भुश्यासकट कागदी पिशवीत घालून सावलीत ठेवा आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पिशवीवर लिहा. वजन उतरायचं थांबलं की वाळला. तोवर तो अंड्यासारखा लांबट झालेला असेल. परत चकला लावून गोल करायचा. श्रावणात जाडसर कातलेलं आपल्या हवेत सावकाश आणि नीट वाळतं. एप्रिलच्या उन्हात तेच लाकूड रात्रीत फुटताना मी ऐकलं आहे, अक्षरशः आवाज होतो.

अंगावर काय असावं, यात मी कुणाचंही ऐकत नाही. चष्मा पुरेसा नाही, पूर्ण चेहऱ्याची ढाल हवी. ओढणी, सैल बाही, गळ्यातलं, बांगड्या, अंगठी, मनगटाचा गंडा-दोरा, सगळं काढून; केस बांधून वर. हातमोजे घालायचे नाहीत, ते हाताला आत ओढतात. पॉलिश लावायला फडकं नको, कागदी रुमाल घ्या, तो अडकला तर फाटतो. लाकडाची बारीक धूळ ही माणसात कर्करोगाला कारण ठरते असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे, म्हणून पेपर मारताना एन ९५ मास्क, आणि शिसवीसारख्या लाकडाला तर नक्कीच. त्याच्या भुशाने कातडीला खाज सुटते. तडा गेलेला ठोकळा लावायचा नाही. चालू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघायचं, आणि बटण दाबताना लाकडाच्या समोर उभं न राहता बाजूला उभं राहायचं.

आता हत्यार कसं लावायचं. कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा; लाकडाच्या रेषा तिच्यातल्या धाटांसारख्या असतात. लांब दांडक्यात रेषा तुमच्या लाकडाच्या लांबीने जातात, म्हणून कायम मोठ्या व्यासाकडून लहानाकडे उतरत कापायचं, पेन्सिल छिलतो तसं. उलटं गेलात तर धाट उचकटतं. वाडग्याच्या बाहेरून बरोबर उलट, तळाकडून काठाकडे, आणि आतून काठाकडून मध्याकडे. आधी हत्यार टूलरेस्टवर टेकवा. मग उताराची टाच लाकडावर नुसती घासू द्या. ती सूं करते, कापत नाही. मग मूठ सावकाश वर उचला, धार आपण होऊन लाकडात उतरते आणि लांब रिबनीसारखा काप निघतो. हत्यार हवेतून थेट लाकडावर नेलं की हिसका बसणारच. भुसा उडत असेल तर धार लावा. काप उडत असेल तर चालू द्या.

पहिल्या महिन्यात वस्तू करायचीच नाही. दीड इंची बाभळीच्या काठीवर मणी आणि खाचा काढा, पुन्हा कापून टाका, काठी पेन्सिलएवढी होईपर्यंत. दहा काठ्या झाल्या की लाटणं, ते स्क्यूने गुळगुळीत करायला हात बसतो. मग भोवरा: पेरूचा, आर ठोकण्याआधी बारीक भोक पाडून, नाहीतर चिरतो. चकवर पहिला वाडगा त्यानंतर, पाच-सहा इंची.

स्वयंपाकघरातल्या वस्तूंना शेंगदाणा किंवा खोबरेल तेल लावू नका, ते वाळत नाही आणि खवट होतं. हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेलही नको, त्यात वाळवण्यासाठी धातूचे क्षार घातलेले असतात. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणि थोडं मधमाश्यांचं मेण मंद आचेवर एकत्र करा, गार झाल्यावर हाताने चोळा. शोभेच्या वस्तूला स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी (लाख) फिरत्या लाकडावर लावली तर मिनिटात चमक येते. आणि जवस तेलाचे बोळे कधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापतात आणि पेटतात, विशेषतः पत्र्याखाली उन्हाळ्यात. पसरून वाळवा, मग टाका.

लेथ घरी आल्यावर पहिली खरी वस्तू कोणती करायची, तर आजोबांच्या पटाशीची नवी मूठ. जुनी चिरलेली असणारच. वाळलेल्या बाभळीचा किंवा पेरूचा दीड इंची चौकोनी तुकडा घ्या, सात इंच लांब. कातण्याच्या आधी एका टोकाला शेपटासाठी भोक पाडा, आधी बारीक मग जाड, दोन टप्प्यांत, पटाशीच्या निमुळत्या शेपटाला जमेल असं. मग त्या भोकातच टेलस्टॉकचं (लाकडाची दुसरी बाजू धरणाऱ्या भागाचं) टोक घुसवून लाकूड लेथवर लावा, म्हणजे मूठ भोकाभोवती आपोआप मध्यात येते; आधी कातून मग भोक पाडलंत तर पटाशी तिरकी बसते. टोकाला बांगडी हवी: एसीचं काम करणाऱ्याकडे तांब्याच्या नळीचे तुकडे पडलेले असतात, त्यातला एक इंचभर मागून घ्या, जागा पार्टिंग टूलने हळूहळू कमी करत न्या आणि नळी ठोकून बसेल इतकी घट्ट ठेवा. मुठीला पॉलिश नको, हाताला पकड हवी. पटाशी बसवून झाली की तिला सहाणेवर पुन्हा एकदा फिरवा आणि आंब्याच्या त्याच फळीचं टोक तासून बघा.